काडतुसं विकत घ्यावीत की घरी भरावीत?

टेक्सासातल्या माझ्या मावसभावाला प्रश्न पडलाय: रेंजवरच्या सरावासाठी तयार खोकी आणत राहावं, की प्रेस (काडतुसं भरायचं दाबयंत्र) घेऊन घरीच काडतुसं भरावीत? (भारतात हा पर्याय सहज नाही, शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे काडतुसं बनवायलाही परवाना लागतो.)

आधी खर्च बघू. काडतुसात पितळी पुंगळी, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि बुलेट (पुढे उडणारी गोळी) असते. पुंगळी महाग, पण पुन्हा वापरता येते, बचत तिथेच. पावडर ग्रेन या छोट्या वजनात मोजतात; एक पौंडाचा डबा म्हणजे ७००० ग्रेन. नऊ एमएम या पिस्तुलाच्या काडतुसाला साधारण पाच ग्रेन लागतात, त्यामुळे डबा हजाराहून जास्त काडतुसांना पुरतो. .३०८ रायफलला चाळीसहून अधिक, म्हणजे दीडशेतच डबा रिकामा. तरीही रायफलीतच पैसे जास्त वाचतात, कारण अचूक नेमाची तयार काडतुसं फार महाग. नऊ एमएम तयारच स्वस्त मिळतं.

मेहनतीत तयार खोकं सरळ जिंकतं. घरी पुंगळ्या वेचा, धुवा, मापा, आणि प्रत्येकीची मान (तोंडाकडचा भाग) उजेडात धरून बघा. बारीक चीर दिसली की ती बाद.

सुरक्षिततेत तडजोड नको. नऊ एमएमच्या पुंगळीत चुकून दुप्पट पावडरही मावते, आणि तेवढ्याने पिस्तूल फुटू शकतं.

महिन्याला एक-दोन खोकी पिस्तुलाची उडवत असशील, तर विकतच घे भाऊ. लांब पल्ल्याची रायफल दर आठवड्याला चालवणाऱ्याने, शांतपणे बसायची सवय असेल तर, प्रेस जरूर घ्यावा.