नववीच्या 'धाराविद्युत'साठी फेट सिम्युलेशन : एका विज्ञान शिक्षिकेचा अनुभव

प्रत्येक प्रशिक्षणात नवनव्या वेबसाइटची नावं सांगितली जातात, आपण ती वहीत उतरवून घेतो आणि ती तिथेच राहतात. माझं मत असं झालंय की शिक्षकाने एकच साधन हाती धरावं आणि वर्षभर तेच वापरून त्यावर हात बसवावा. मी धरलं ते फेट, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे विज्ञानाचे आभासी प्रयोग (सिम्युलेशन) देणारी वेबसाइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, तेही बोस-आइन्स्टाइन संघननावरच्या (अतिथंड अणू एकाच अवस्थेत एकवटण्यावरच्या) कामासाठी. त्यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस, हे वर्गात आवर्जून सांगते. मुलांचे चेहरे खुलतात.

सगळ्यात जास्त वापरते ते एकदिश विद्युत परिपथाचं सिम्युलेशन. घट, तारा, बल्ब, कळ ओढून आणायचे आणि जोडायचे. पण लगेच जोडू देत नाही. आधी फळ्यावर दोन बल्बांची एकसर (एकामागे एक) जोडणी काढते आणि विचारते, "कुठला बल्ब जास्त उजळ लागेल?" बहुतेक हात पहिल्या बल्बासाठी वर होतात. घटातून निघालेली वीज पहिला बल्ब खाऊन टाकतो, दुसऱ्याला उरलीसुरली मिळते, ही समजूत मुलांच्या मनात अगदी पक्की असते. नुसतं "तसं नसतं" म्हणून ती जात नाही.

मग एखादी मुलगी पुढे येऊन परिपथ जोडते. कळ दाबताच तारेतले निळे इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच हलायला लागतात, कोणी कोणाची वाट पाहत नाही. दोन्ही बल्ब सारखेच लागतात. ९ व्होल्टचा घट आणि १० ओहमचा एक बल्ब असताना ॲमीटर (विद्युतधारा मोजणारं साधन) ०.९० अँपिअर दाखवतो. तसाच दुसरा बल्ब जोडला की ०.४५, आणि ॲमीटर बल्बांच्या अलीकडे लावा, मध्ये लावा की पलीकडे, आकडा तोच. ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर) मुलं मग स्वतःच वहीत मांडतात. इलेक्ट्रॉनऐवजी विद्युतधारेचे बाण निवडले की ते उलट दिशेने जाताना दिसतात. विद्युतधारेची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट असते, हे पुस्तकातलं एक वाक्य एरवी समजावता समजावता तास संपतो.

"मॅडम, त्यापेक्षा व्हिडिओ दाखवा की," असं एक सहकारी म्हणाले. व्हिडिओतला बल्ब नेहमीच लागतो, इथला मुलाने नीट जोडला तरच. घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर घटाला आग लागलेली दिसते. खोडरबर, नाणं, पेन्सिल लावून बघता येते. चुकायला मोकळीक आहे आणि खरंखुरं काही जळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी प्रयोगशाळेला सुट्टी देऊ नका. सैल तार, गंजलेली कळ, न जुळणारं वाचन यांच्याशी झगडणं हेही विज्ञानच आहे. मी आधी सिम्युलेशन, मग लगेच खरे सेल आणि बल्ब असाच क्रम ठेवते.

नेट नसलं तरी अडत नाही. फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की ब्राउझरमध्ये उघडते. पैसे पडत नाहीत. बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, सगळी नाहीत. पडद्यावरचे शब्द बालभारतीच्या शब्दांशी जुळतात का, ते आधी बघून घ्या. भाषांतर स्वयंसेवक करतात, तेव्हा मराठी शिक्षकांनी त्यात उतरायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तारा जोडण्यापेक्षा प्रोजेक्टर किंवा टॅब बरा.