ओटागो व्यायामक्रम : पडणं टाळण्यासाठी घरी करायच्या व्यायामांचं परीक्षण

“बाबा रोज सकाळी तासभर चालतात, मग वेगळा व्यायाम कशाला?” ज्येष्ठांच्या घरी हा प्रश्न हमखास येतो. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच. पण सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोल सावरायची वेळच फारशी येत नाही. माणूस पडतो तो वळताना, मागे सरकताना, मोरीच्या कट्ट्यावरून पाय टाकताना, नाहीतर फोन वाजला म्हणून घाईने उठताना. त्यासाठी पायांत ताकद लागते आणि तोल जाऊ लागला की पाय पटकन योग्य जागी टाकायची सवय लागते. २०१९च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा फायदा मुख्यतः तोलाच्या आणि उठबस, वळणं अशा रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं त्या आढाव्यातून ठामपणे म्हणता आलं नाही.

घरी करता येणाऱ्या अशा कार्यक्रमांत ओटागो सर्वांत जास्त तपासला गेलेल्यांपैकी एक आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बसवला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ८० वर्षांपुढच्या २३३ स्त्रिया होत्या. वर्षभरात व्यायाम न करणारा गट १५२ वेळा पडला, व्यायाम करणारा ८८ वेळा. पुढे चार चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा पडणं आणि पडून होणाऱ्या इजा दोन्ही सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. सगळ्यात जास्त फायदा ८० च्या पुढच्यांना आणि आधी एकदा तरी पडलेल्यांना झाला. आपल्याकडे याच लोकांना “आता जपा, बसून राहा” असा सल्ला मिळतो.

कार्यक्रमाचा आराखडा साधा आहे. पायांच्या ताकदीचे ५ व्यायाम, तोलाचे १२, सुरुवातीला अंग मोकळं करायच्या थोड्या हालचाली. हे सगळं आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. मध्ये एक दिवस विश्रांती. शिवाय आठवड्यातून निदान दोनदा आपल्या नेहमीच्या गतीने चालणं, झेपेल तसं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. फिजिओथेरपिस्टने पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात घरी यायचं, सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, आणि मधल्या काळात महिन्याला एक फोन.

खरं महत्त्व आहे ते वजनाला. पाचपैकी तीन व्यायामांत घोट्याला वजनाचा पट्टा बांधतात. खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, उभं राहून गुडघा मागे वाकवणं आणि उभं राहून पाय बाजूला उचलणं. उरलेले दोन, म्हणजे टाचा उचलणं आणि चवडे उचलणं, शरीराच्याच वजनावर होतात. ८ ते १० वेळा नीट करता येतं आणि मग स्नायू थकतो, इतकं वजन सुरुवातीला निवडायचं. दहाचे दोन फेरे सहज होऊ लागले की वजन वाढवायचं. उचलायला २-३ सेकंद, खाली आणायला ४-५ सेकंद. फेऱ्यांच्या मध्ये एक-दोन मिनिटं थांबायचं, श्वास रोखायचा नाही. खाली आणताना पाय धपकन सोडून दिला तर अर्धा व्यायाम वाया गेला.

“अँकल वेट” नावाने मिळणारे पट्टे अर्धा किलोपासून असतात. पुड्यावर “१ किलो” लिहिलेलं असतं, तेव्हा ते एका पट्ट्याचं की जोडीचं हे काट्यावर ठेवून बघा, कारण सगळी प्रगती त्याच आकड्यावर मोजायची असते. आत खिसे असलेला, तुकडे घालून वजन वाढवता येणारा पट्टा घेतला तर पुन्हा खरेदी करावी लागत नाही. वाळूच्या पट्ट्यांची शिवण उसवते आणि वाळू नेमकी फरशीवर सांडते, जिथे ती सगळ्यात नको असते. पातळ, सुरकुतलेल्या त्वचेवर पट्टा थेट बांधू नये, खाली मोजा किंवा सुती कापड घ्यावं. आणि उभं राहून चालायच्या व्यायामांआधी पट्टे न चुकता काढावेत.

पाय बाजूला उचलण्याच्या व्यायामात सर्वाधिक चुका होतात. एका पायावर उभं असताना कंबर तिरकी होऊ न देण्याचं काम कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू करतात, त्यामुळे हा व्यायाम फार मोलाचा. पण पाऊल बाहेर वळवलं किंवा धड दुसऱ्या बाजूला कललं, तर भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जातो. बोटं समोर, धड ताठ, पाय वीतभर उचलला तरी पुरे. गुडघा मागे वाकवताना मांडीच्या मागे गोळा आला तर कमी वाकवा, वजन उतरवा. चवडे उचलताना लोक कंबर मागे ढकलतात, मग चवडे उचलल्यासारखे दिसतात पण नडगीपुढचा स्नायू काहीच करत नाही. उंबरठ्याला किंवा सतरंजीच्या कडेला बोटं अडकतात ती याच स्नायूच्या कमजोरीने, म्हणून इथे सूट देऊ नये.

तोलाच्या बारा व्यायामांत गुडघे किंचित वाकवणं, मागे चालणं, इंग्रजी आठच्या आकड्यात चालत वळणं, बाजूला चालणं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं आणि तसंच चालणं, एका पायावर उभं राहणं, टाचांवर चालणं, चवड्यांवर चालणं, टाच-बोट लावत मागे जाणं, खुर्चीतून उठणं आणि जिना हे सगळं येतं. प्रत्येकाला अवघडपणाच्या पायऱ्या आहेत, सगळ्यांत सोपी ‘ए’, सगळ्यांत अवघड ‘डी’. एका पायावर उभं राहण्याचं उदाहरण घ्या. आधी आधार धरून १० सेकंद, मग आधार सोडून १० सेकंद, शेवटी आधार सोडून ३० सेकंद. खुर्चीतून उठणं दोन्ही हात टेकून ५ वेळा इथून सुरू होतं आणि हात न लावता दहाच्या दोन फेऱ्यांपर्यंत जातं.

पुढच्या, अवघड पायरीवर जायची वेळ आली की बहुतेकांचं गाडं अडतं. छापलेला कागद घेऊन वर्षभर तेच १० सेकंद, तोच ओटा घट्ट धरून करणारे आजी-आजोबा पुष्कळ आहेत. हाताने भार घेतला की पायांना आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला कामच उरत नाही. म्हणून हात कमी करण्याचाही क्रम ठेवावा. आधी दोन हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात ओट्याच्या वर नुसता तरंगता. थोडं डुलणं, घोट्यात थरथर होणं हे व्यायाम लागू पडतोय याचं लक्षण. सारखं आधार पकडावा लागत असेल तर मात्र एक पायरी खाली या.

आधाराला स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. तो हलत नाही, साधारण कमरेच्या उंचीवर असतो, आणि त्याच्या कडेने बाजूला, पुढे-मागे चालता येतं. प्लास्टिकची खुर्ची आधाराला कधीही घेऊ नये, ती सरकते आणि कलंडते. उठण्याच्या व्यायामाला लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बैठक सुमारे ४५ सेंटीमीटर उंच. मागे चालताना नऊवारी असो की गाऊन, घोट्याच्या वर खोचलेला हवा. मूळ कार्यक्रमात बूट घालून व्यायाम सांगितला आहे. आपल्या घरात ते होत नाही, तेव्हा कोरड्या फरशीवर अनवाणी चालेल, पण मधुमेहाने पावलं बधिर झालेल्यांनी घरातल्यासाठी वेगळे, मागे पट्टा असलेले सँडल ठेवावेत. गुळगुळीत टाइल्सवर नुसते मोजे अजिबात नकोत.

उणिवाही सांगायला हव्यात. हा कार्यक्रम खुर्ची-पलंगाच्या घरांसाठी बनला आहे. जमिनीवरून उठणं त्यात नाही, आणि आपल्याकडे पूजा, जेवण, भाजी निवडणं अजूनही अनेक घरांत जमिनीवर चालतं. हा भाग फिजिओथेरपिस्टकडून वेगळा बसवून घ्यावा. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हात-गुडघ्यांवर, रांगत पक्क्या पलंगापर्यंत जायचं, बळकट पायाचं पाऊल पुढे रोवून दोन्ही हातांनी पलंग दाबत उठायचं. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी हवंच. गुडघे फार झिजलेल्यांनी अर्ध्या बैठकीत थोडंच वाकावं, आणि गुडघा सरळ करण्याच्या व्यायामाला वजन कमी घ्यावं.

दुसरी उणीव गंभीर आहे. ७५ वर्षांपुढच्या, नजर फार अधू झालेल्या ३९१ लोकांवर ओटागोच्याच चमूने चाचणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तिथे घरातले धोके दूर करण्याने पडणं ४१ टक्क्यांनी कमी झालं, व्यायामक्रमाने एकंदरीत झालं नाही. घरात मोतीबिंदू किंवा काचबिंदूने दिसत नसलेलं माणूस असेल, तर आधी न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री दिवा, सुट्या वायरी आणि पायपुसण्यांची आवराआवर. व्यायाम त्यानंतर.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्यांबद्दलही त्यांना विचारा, पण त्या मनाने एकदम बंद करू नका. कुशीवर वळताना घर फिरल्यासारखं होत असेल तर तो बहुधा कानातल्या कणांचा त्रास असतो, त्याला वेगळा आणि बरेचदा झटपट उपाय आहे. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू दुखणं ठीक. छातीत दुखणं, धाप किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा.

साठी-पासष्टीतल्या धडधाकट माणसाला हा कार्यक्रम फार सोपा पडेल. त्यांनी ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) किंवा तोलाचा गटवर्ग पाहावा. आणि टिकून राहणं सगळ्यांनाच जड जातं. पहिल्या चाचणीत व्यायाम करणाऱ्या गटातल्या ज्या स्त्रिया दुसऱ्या वर्षीही चाचणीत राहिल्या, त्यांतल्या ४४ टक्के दोन वर्षांनंतरही आठवड्यातून निदान तीनदा व्यायाम करत होत्या. ८० पार केलेल्यांसाठी आमच्या मते हा आकडा चांगलाच आहे, पण निम्म्याहून जास्त सुटल्या हेही खरं. कॅलेंडरवर खूण करणं आणि महिन्याचा फोन हे म्हणूनच कार्यक्रमाचेच भाग समजावेत.

पैशांचं गणित. न्यूझीलंडच्या अपघात भरपाई महामंडळाने काढलेली पुस्तिका इंग्रजीत आहे, चित्रं समजण्यासारखी आहेत. खर्च होतो तो पट्ट्यांचा आणि चार-पाच भेटींचा. घरी येणारी फिजिओथेरपी सेवा रोज महिनाभर येण्याचं पॅकेज देऊ लागली, आणि त्यात मुख्यतः शेक, मशीन आणि मालीश असेल, तर तोलासाठी ते घेऊ नका. त्याने दुखणं तात्पुरतं कमी होईल, तोल सुधारत नाही. पहिल्याच भेटीत तीन मोजमापं मागा. खुर्चीतून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं (७५ ते ७९ वयात पुरुषांत ११ पेक्षा आणि स्त्रियांत १० पेक्षा कमी म्हणजे धोका), खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला किती वेळ लागतो (१२ सेकंद किंवा जास्त म्हणजे धोका), आणि टाच-बोट लावून १० सेकंद उभं राहता येतं का. आठव्या आठवड्याच्या भेटीत हीच मोजमापं पुन्हा घ्यायला लावा. आकडे हलले नसतील तर वजन वाढवलं होतं का आणि ओट्यावरचा हात सुटला होता का, हे आधी विचारा.