गिटहब रिपॉझिटरीचा ॲक्सेस: एकेकाला द्यायचा की टीमला?

गिटहब ही कोड ठेवायची साइट, आणि रिपॉझिटरी म्हणजे तिथली एका प्रकल्पाच्या कोडची जागा. रिपॉझिटरी दोन-तीन आणि माणसं चार-पाच असतील, तर सेटिंग्जमध्ये जाऊन एकेकाला जोडणं पुरतं. ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामाईक खात्यात, रीड (फक्त बघणं), ट्रायाज (कोडला हात न लावता तक्रारी-सूचना हाताळणं), राइट (कोड बदलणं), मेन्टेन (रिपॉझिटरी सांभाळणं) आणि ॲडमिन (पूर्ण ताबा) असे 5 रोल मिळतात. वैयक्तिक खात्यावर मात्र मालक आणि कोलॅबरेटर (सोबत काम करणारा) एवढेच.

माणसं वाढली की टीमच बरी. नवा माणूस टीममध्ये घातला की त्या टीमच्या सगळ्या रिपॉझिटरी त्याला एकदम खुल्या होतात, काढला की बंद. चाइल्ड टीमला (एखाद्या टीमखालच्या पोटटीमला) पॅरेंट टीमचे, म्हणजे वरच्या टीमचे, अधिकार आपोआप मिळतात, म्हणून पॅरेंटला शक्यतो रीडच द्या.

घोळ होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्यावर. टीमला रीड आहे, पण घाईत कोणीतरी त्याच माणसाला थेट राइट देऊन ठेवलंय: अशा वेळी वरचा अधिकार चालतो. टीममधून काढलं तरी थेट दिलेला राइट तसाच राहतो. ऑर्गनायझेशनची बेस परमिशन (सगळ्या सदस्यांना आपोआप मिळणारा अधिकार) राइट असेल, तर टीमच्या रीडलाही अर्थ उरत नाही. ती आधी 'नो परमिशन'वर आणा.

बाहेरच्या कंत्राटदाराला मात्र थेटच जोडावं लागतं. आउटसाइड कोलॅबरेटर, म्हणजे ऑर्गनायझेशनचा सदस्य नसलेला माणूस, टीममध्ये बसत नाही. काम संपल्यावर त्याला काढायची तारीख तेव्हाच कॅलेंडरवर टाका.