अंधाऱ्या खोलीतील घटपर्णी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातील आमच्या सदनिकेत माझी कामाची खोली उत्तरेकडे आहे आणि तिच्या एकुलत्या एका खिडकीसमोर जेमतेम बारा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत उभी आहे. भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लावल्याशिवाय वाचता येत नाही. या खोलीसाठी मी गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस 'व्हेंट्राटा' या नावाने मिळणारी घटपर्णी, म्हणजे पानांच्या टोकांना धरणाऱ्या सुरईसारख्या घटांत किडे पकडणारी वनस्पती, मागवली. तिच्या कुंडीवरील चिठ्ठीवर 'घरात, सावलीत उत्तम वाढते' असे छापलेले होते. आज अकरा महिन्यांनंतर मी एवढेच म्हणेन की ते विधान अर्धे खरे आहे. झाड सावलीत वाढते, पाने काढते, तग धरते. मात्र ज्या घटांसाठी आपण ते घेतो, ते घट सावलीत धरत नाहीत.

झाड आले तेव्हा त्यावर सात घट होते, हिरवट पोपटी, ओठाला तांबूस झाक असलेले. जुलैअखेर त्यांतील चार आणि सप्टेंबरपर्यंत उरलेले सगळे झाकणापासून खाली तपकिरी होत वाळले. त्यात झाडाचा दोष नव्हता, कारण प्रत्येक घटाचे आयुष्य काही महिन्यांचेच असते आणि पाठोपाठ नवा घट येत राहणे अपेक्षित असते. ते नवे मात्र आले नाहीत. नवी पाने लांबट, मऊ आणि गडद हिरवी येत होती. प्रत्येक पानाच्या टोकाला वेलीला असतो तसा तणावा फुटायचा, त्याच्या शेंड्याला तांदळाच्या दाण्याएवढी गाठ धरायची आणि महिनाभर तशीच राहून ती काळी पडायची. अशा पाच गाठी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

याचे कारण समजून घेतल्यावर पुढचे सगळे सोपे झाले. घट हा पानाचाच बदललेला भाग आहे आणि अन्न तयार करण्याच्या कामात तो साध्या पानापेक्षा बराच कमी पडतो. मातीत नत्र जवळजवळ नसते अशा ठिकाणी किडे पकडून ते मिळवण्यासाठी झाड हा खर्च करते, पण खर्च करायला आधी प्रकाशाची कमाई हवी. प्रकाशच तुटपुंजा असेल तर झाड घट सोडून देते आणि पानांचा पसारा वाढवते. त्यामुळे अंधाऱ्या खोलीतील घटपर्णी बाहेरून हिरवीगार दिसते आणि आपल्याला वाटते की तिचे चांगले चालले आहे.

मी मोबाइलमधील प्रकाशमापकाने मोजले. हे मापन ढोबळ असते, पण तुलना करण्यापुरते पुरेसे आहे. माझ्या टेबलावर दुपारी १८० लक्स भरले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ९०० च्या आसपास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी दोन फुटांची, १० वॉटची पांढऱ्या प्रकाशाची एलईडी पट्टी झाडाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगली. तेव्हा दोन हजारांच्या थोडे वर आकडा आला. तेवढ्याने पाने आखूड आणि ताठ येऊ लागली, पण गाठी फुगेनात. नोव्हेंबरमध्ये तशीच दुसरी पट्टी शेजारी लावली, आकडा साडेचार हजारांच्या घरात गेला आणि टायमर लावून रोज चौदा तास प्रकाश चालू ठेवला. दोन्ही पट्ट्या मिळून महिन्याला साडेआठ युनिटपेक्षाही कमी वीज लागते, तेव्हा बिलाच्या भीतीने कोणी मागे हटू नये. झाडांसाठी मिळणारे जांभळ्या रंगाचे महागडे 'ग्रो लाइट' घेण्याचीही गरज मला वाटली नाही. ज्या खोलीत आपण दिवसभर बसतो तिथे तो रंग डोळ्यांना सहन होत नाही.

पहिला नवा घट जानेवारीत उघडला. तो उघडताना पाहणे हा या सगळ्या खटाटोपातील माझ्यासाठी सर्वांत मोलाचा भाग होता. गाठ आधी लांबते, खाली लोंबते आणि मग तिचे टोक वर वळते. पुढचे दोन-तीन आठवडे ती चपटीच असते आणि एका दिवसात हवा भरल्यासारखी फुगते. झाकण अजून घट्ट मिटलेले असताना घट उजेडासमोर धरला, तर आत पाण्याची रेषा दिसते. हे पाणी आपण घातलेले नसते; झाडाने स्वतः पाझरवलेला तो पाचक रस असतो. झाकण उघडते तेव्हा ओठ अगदी अरुंद आणि फिकट असतो. पुढच्या चार-पाच दिवसांत तो बाहेर वळतो, त्यावर बारीक उभ्या रेघा उमटतात आणि त्याला तांबडा रंग चढतो. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या खालच्या बाजूला मधाचे सूक्ष्म थेंब दिसले आणि आठवडाभरात पहिली मुंगी आत गेली.

आता निवडीविषयी, कारण मला सर्वाधिक वेळ त्यातच लागला. घटपर्णीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांची सरळ विभागणी उंचीवरून होते: सखल, उष्ण जंगलांतील आणि डोंगरावरील, रात्री थंडावा लागणाऱ्या. खरोखर सावलीत राहणारी जात म्हणून सगळीकडे 'अँप्युलॅरिया'चे नाव येते आणि ते योग्यच आहे. मलाया, सुमात्रा, बोर्निओ येथील दाट जंगलांच्या तळाशी ती वाढते, तिची झाकणे मागे वळलेली असतात आणि तिच्या गोलसर मडक्यांत वरून पडणारा पालापाचोळा साठून त्यावरही तिचे पोषण होते. या वर्णनावर भाळून मी सप्टेंबरमध्ये तिचे एक लहान रोप आणले. पुण्याच्या डिसेंबरातील रात्री तिला मानवल्या नाहीत, आणि खोलीतील कोरड्या हवेत तिची पानेही कडांनी करपली. शेवटी जुनी माशांची काचेची पेटी रिकामी करून, तळाशी ओले शेवाळ घालून, वर काच ठेवून ती त्यात हलवली. तिथे ती सावरली आणि व्हेंट्राटाच्या निम्म्या प्रकाशात आतापर्यंत तीन इवलीशी मडकी तिने दिली. मुंबई, कोकण किंवा गोव्यात, जिथे रात्री उबदार आणि हवा दमट असते, तिथे ती मी आनंदाने सुचवेन. पुणे, नाशिक, औरंगाबादकडे मात्र काचेच्या पेटीशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

व्हेंट्राटा ही फिलिपिन्समधील व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या दोन जातींच्या संकरातून आलेली आहे. व्हेंट्रिकोसा डोंगरावरची असल्यामुळे आमच्याकडील थंडी या झाडाने सहज पचवली, आणि एप्रिलच्या दुपारी खोलीतील आर्द्रता २२ टक्क्यांपर्यंत उतरली तेव्हाही तिचे फक्त दोन कोवळे घट वाळले. म्हणून कोरड्या गावातील अंधाऱ्या खोलीसाठी माझी पसंती तिलाच आहे, अर्थात दिव्यासह.

आपल्या मेघालयातील खासियाना ही भारतातील एकमेव घटपर्णी. तिच्याविषयी मला विशेष ओढ आहे, तरीही मी ती घेतलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या 'साइटिस' कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचे नाव आहे आणि गारो टेकड्यांत बाघमारा येथे केवळ तिच्यासाठी अभयारण्य राखलेले आहे. रानातून उपटून आणलेले रोप ओळखण्याइतका माझा अनुभव नाही, आणि 'जंगलातले अस्सल' असे सांगून विकणाऱ्याकडून तर कोणीच घेऊ नये.

पाण्याच्या बाबतीत मी स्वतः चूक केली. आमच्या सोसायटीचे पाणी बोअरचे आहे, म्हणून मी सुरुवातीपासून घरातील आरओ यंत्राचे पाणी घालत होते. ऑगस्टमध्ये पानांची टोके जळल्यासारखी झाली तेव्हा त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजला, तर तो ११० निघाला, कारण चवीसाठी त्या यंत्रात क्षार परत मिसळले जातात. घटपर्णीला ५० च्या आतले पाणी चांगले. तेव्हापासून पावसाळ्यात गच्चीवर साठवलेले पाणी आणि एरवी डिस्टिल्ड वॉटर वापरते. कुंडीत स्फॅग्नम शेवाळ, पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे आहेत. माती नाही, शेणखत नाही. मुळे कायम ओलसर हवीत, पण पाण्यात बुडालेली नकोत.

खाद्याचे म्हणाल तर बंद खोलीत किडे थोडेच येतात, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या वाळवलेल्या अळ्यांपैकी दोन-तीन मी महिन्यातून एकदा एखाद्या घटात टाकते. घरी आलेल्या एका नातेवाइकांनी कौतुकाने पनीरचा तुकडा टाकला होता. चार दिवसांत तो घट कुजून मऊ पडला. डास कमी होतील या आशेने हे झाड घेणाऱ्यांनी ती आशा सोडावी. माझ्या घटांत मुंग्या आणि कुंडीवरची बारीक चिलटेच मिळाली, डास क्वचित.

खरेदी करताना झाडावर लटकलेले मोठे घट पाहू नका. ते रोपवाटिकेतील उजेडाचे आहेत. शेंड्याकडील सर्वांत नवे पान पाहा आणि त्याच्या टोकाची गाठ हिरवी, टपोरी आहे का ते तपासा.

आज माझ्या व्हेंट्राटावर आठ उघडे घट आहेत, सर्वांत मोठा हाताच्या मधल्या बोटाहून थोडा लांब, आणि बुडाशी नवा फुटवा आला आहे. शेंडा पट्टीला टेकू लागल्यामुळे या आठवड्यात दोन्ही पट्ट्या चार बोटे वर घ्यायच्या आहेत.