नोटीस मी दिली, ओलीस घोडी राहिली

माझी घोडी पैसे भरून ज्या पागेत ठेवत होते ती बदलायची ठरल्यापासून घोडी नव्या ठाणावर (बांधायच्या जागी) पोचेपर्यंत काय काय झालं ते तपशीलवार लिहिते आहे. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर "असेल काहीतरी गैरसमज" असंच वाटेल. सगळ्या शेजारी शेजारी मांडल्या की त्यामागची पद्धत दिसते. पागेचं नाव लिहीत नाही. घोडे ठेवणाऱ्या दोन-चार ओळखीच्यांना हे सांगितलं तेव्हा प्रत्येकाकडे थोड्या फरकाने हीच गोष्ट निघाली, फक्त पागा वेगळी.

करार एका पानाचा होता. महिन्याचे पैसे आगाऊ. त्यात ठाण, वैरण, दोन वेळची चंदी (दाणा), लीद काढणं आणि खरारा (अंग घासणं). नालबंद आणि डॉक्टर आपापले. शिवाय एका महिन्याच्या आकाराएवढी (भाड्याएवढी) अनामत. आणि शेवटी एक ओळ: "पागा सोडताना एक महिना आधी लेखी सूचना द्यावी." मेख याच ओळीत होती. लेखी म्हणजे कागद की मेसेजही चालेल? महिना म्हणजे सूचनेपासून ३० दिवस, की पुढच्या एक तारखेपासून अख्खा महिना? सूचना घ्यायची कुणी आणि पोच द्यायची कुणी? यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

सोडायचं कारण साधं होतं. नव्या जागी घोडीला रोज मोकळं चरायला मिळणार होतं. महिन्याच्या मध्यावर मी मालकांना मेसेज केला, त्यात जाण्याची तारीख लिहिली, आणि त्याच दिवशी सही केलेला कागद कचेरीत नेऊन दिला. मालक एकदम मोकळेपणाने बोलले. "अहो ताई, कागदबिगद कशाला, तुम्ही घरच्याच. मेसेज मिळाला की." पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता, उद्या देतो म्हणाले. कागद टेबलावरच्या वह्यांखाली सरकवला गेला. मेसेजला अंगठ्याचं चिन्ह आलं. ती पोच मला कधीच मिळाली नाही.

पैशांचं नंतर सांगते, आधी वैरणीचं. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

नोटीस दिल्यावर काही दिवसांतच घोडी ठाणाच्या लाकडी पट्ट्या कुरतडायला लागली. आधी कधी करत नसे. गव्हाण चाटून लख्ख केलेली असायची, खाली अंथरलेल्या भुशातही तोंड घालायची. लीद लहान आणि कोरडी पडत होती. मालकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांना कळतं हो, आपण जाणार आहोत ते. मनाला लावून घेतात." मी गप्प बसले, पण बाहेर पडताना मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा नोकर) घमेलं उचलत मागून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्या येताना काटा आणा."

दुसऱ्या दिवशी टांगायचा काटा नेला. वैरणीची जाळी तुळईला अडकवली, काट्याला लावली. चार किलोला थोडी कमी. रात्रभरासाठी एवढीच, आणि दिवसाची जाळी याहून लहान. घोड्याला कोरडी वैरण दिवसाला त्याच्या वजनाच्या निदान १.५ टक्के तरी लागते, २ टक्के असेल तर उत्तम. म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला ७.५ ते १० किलो. माझी घोडी साधारण त्याच वजनाची. तिच्या पोटात जात होतं त्यात खालची मर्यादासुद्धा गाठली जात नव्हती.

हे नुसतं "थोडं कमी खाल्लं" एवढ्यावर भागत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल सौम्य करते. तासन् तास तोंड रिकामं राहिलं की जठराला व्रण पडतात, आणि आतड्यांची हालचाल मंदावली की पोटशूळ, म्हणजे जिवावर बेतू शकणारी पोटदुखी. पोटशूळ म्हणजे काय हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. मोतद्दाराला बिचाऱ्याला हुकूमच होता: जाणाऱ्या जनावराला जुन्या गंजीतलं घाला, नवी गंजी फोडू नका. त्याचं नाव यात कुठेही येऊ दिलं नाही. मी स्वतः वैरण विकत आणून टाकायला लागले आणि प्रत्येक पावती जपून ठेवली.

डॉक्टरांना बोलावून वजन मोजून घेतलं. काटा नसला तरी फीत चालते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८०ने भागायचं. येणारा आकडा किलोत. थोडा मागेपुढे असतो, पण त्याच माणसाने त्याच फितीने पुन्हा मोजलं तर फरक लपत नाही. डॉक्टरांकडे आधीच्या लसीकरणाच्या वेळची नोंद होती म्हणून घट कागदावर दिसली. नोटीस द्याल त्या दिवशीच हे माप घेऊन ठेवा.

मग ठाण गेलं. एका सकाळी पोचले तर माझ्या घोडीच्या ठाणात एक तपकिरी घोडा उभा, दारावर त्याच्या नावाची नवी पाटी. माझी घोडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लिदीच्या ढिगाऱ्याला लागून. "नवीन गिऱ्हाईक लवकर आलं हो, दोन-चार दिवस सांभाळून घ्या." दोन-चार दिवस शेवटपर्यंत चालले. आकार मात्र ठाणाचाच लागला, शेडचा नाही. म्हणजे एकाच ठाणाचे पैसे दोघांकडून.

निघायच्या आदल्या दिवशी बिल हातात आलं. त्यात नोटीस पुढच्या एक तारखेपासून धरलेली, म्हणजे पंधरवड्याचे पैसे जादा. मी मेसेज दाखवला. "करारात लेखी म्हटलंय, मेसेज म्हणजे लेखी नव्हे." मग कागद? "कुठला कागद?" पुढे कुरतडलेल्या लाकडाची दुरुस्ती. उपाशी ठेवल्यामुळे कुरतडलेलं लाकूड, त्याची भरपाई माझ्याकडून! आणि नालबंदीचे दोन आकार, एकाच महिन्यात. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलतात, हे पागा चालवणाऱ्याला मी सांगायचं? नालबंदाला तिथूनच फोन लावला. तो एकदाच आला होता आणि त्याचे पैसे मी त्याच्या हातात दिले होते. मालक म्हणाले, "असेल मुनिमाची चूक." ती ओळ खोडली गेली. बाकीच्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी घोडी न्यायला गाडी आली तेव्हा फाटकाला कुलूप. घोडीचा पासपोर्ट (तिच्या ओळखीची आणि लसींच्या नोंदींची पुस्तिका) कचेरीच्या कपाटात, तो मी पहिल्याच दिवशी जमा केला होता कारण तसा नियम होता. "हिशेब मिटवा आणि घोडी न्या, आमची काय हरकत आहे?"

थकबाकीपोटी जनावर अडवून ठेवायचा हक्क काही ठिकाणी कायदाच देतो, काही ठिकाणी करारात तसं लिहिलेलं असेल तरच मिळतो. आपल्याकडे काय लागू आहे हे सोडायच्या आधी वकिलाला विचारून ठेवावं, फाटकापाशी उभं राहून ते कळत नाही. आणि तिथे वेळ कुणाकडे असतो? गाडीवाल्याचा थांबण्याचा आकार चालू. नव्या पागेत विलगीकरणाचं ठाण त्याच दिवसापासून माझ्या नावाने राखलेलं. चांगल्या पागा नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवतात, कारण स्ट्रँगल्ससारख्या (घोड्यांच्या घशातल्या गाठी सुजवणाऱ्या) संसर्गजन्य रोगाची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला ३ ते १४ दिवस जातात. ते ठाण हुकलं तर पुन्हा रांगेत. समोरच्याला हे सगळं ठाऊक असतं. त्याचा धंदा या घाईवरच चालतो.

मी पैसे भरले, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहिलं: "जादा पंधरवडा, लाकूड दुरुस्ती आणि ठाणाचा आकार मान्य नाही, जनावर ताब्यात मिळावं म्हणून हरकत नोंदवून भरणा." खाली तारीख आणि सही. मालकांना ते आवडलं नाही, पण पैसे हवे होते. डॉक्टर मुद्दाम त्या दिवशी बोलावले होते. त्यांनी घोडीच्या मानेत बसवलेली ओळखीची चिप वाचून १५ आकडे पासपोर्टशी ताडून पाहिले आणि तिच्या अंगकाठीची नोंद केली. शेड, ढिगारा, दारावरची पाटी, सगळ्याचे फोटो काढले.

वैरणही मागितली होती, निदान आठवडाभर पुरेल एवढी, पैसे देऊन. घोड्याचं खाणं एकदम बदलू नये, ७ ते १४ दिवसांत जुन्यात नवं मिसळत न्यावं, म्हणून. ती नाकारली. माझी मी आणलेली होती त्यावर निभावलं.

पुढे पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवलं, सोबत सगळ्याच्या प्रती. उत्तर नाही. खरी मदत त्या तपकिरी घोड्याच्या मालकाने केली. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने न मागता स्वतःची पावती काढून दिली. त्यावर माझ्या ठाणाचा क्रमांक होता आणि तारीख माझ्या नोटिशीच्या मुदतीतली. ती प्रत जोडून दुसरं पत्र गेल्यावर जादा पंधरवड्याचे पैसे मुकाट्याने परत आले. अनामत आलेली नाही. ती "नोटिशीत वळती केली" म्हणतात, म्हणजे ज्या पंधरवड्याचे पैसे परत केले त्यातच. वकिलाचं पत्र आता जातं आहे.

नव्या पागेच्या करारावर सही करण्याआधी मी चार गोष्टी त्यात हाताने लिहून घेतल्या: मेसेज किंवा ईमेलने दिलेली सूचना ग्राह्य, मुदत सूचनेच्या दिवसापासून, मुदतीत ठाण आणि वैरणीचं वजन बदलणार नाही, पासपोर्ट मागताक्षणी परत. तिथल्या बाईंनी वाचलं, "वैरणीचं वजन कशाला?" असं विचारलं, आणि मी काट्याचं सांगितल्यावर काही न बोलता सही केली.