दातांच्या केसेसना मल्टिपॅरा मॉनिटर : एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

भुलेखालच्या जनावराचा ऑक्सिजन, श्वास, बीपी, तापमान एकाच ठिकाणी दाखवणारा, कॅप्नोग्राफवाला (श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा) मॉनिटर घेताना दुकानदार स्क्रीन किती मोठा ते सांगत होता. स्क्रीनचं सोडा. आमच्याकडे कुत्र्यामांजरांची स्केलिंग (दातांवरचा थर खरवडणं) आणि दात काढायची कामं बरीच असतात, म्हणून त्यापुरतंच लिहितो.

दातांच्या केसमध्ये डॉक्टरचे हात, पाण्याचा फवारा आणि भुलेची नळी सगळं एकाच तोंडात. ऑक्सिजनची क्लिप जिभेवर लावावी तर जीभ सारखी बाजूला सारावी लागते आणि आकडा गायब. क्लिप आणि जिभेच्या मध्ये ओला गॉज ठेवला की जरा टिकते. काळ्या कातडीच्या लॅब्रडॉरला कानावर लावायच्या फंदात पडू नका.

पैसे वसूल झाले ते कॅप्नोग्राफवर. डोकं फिरवताना नळी निसटली तर पुढच्याच श्वासाला ट्रेस (स्क्रीनवरची कार्बन डायऑक्साइडची रेषा) सपाट. जनावर शुद्ध ऑक्सिजनवर असल्याने क्लिप मात्र त्यानंतरही बराच वेळ आरामात ९८ टक्के दाखवते. मांजर कुशीवरून कुशीवर वळवताना आम्ही नळी सर्किटपासून (भुलेच्या मशीनच्या नळ्यांपासून) मुद्दाम सोडवतो, नाहीतर पीळ बसून नळीच्या फुगणाऱ्या कफपाशी श्वासनलिका फाटण्याची भीती. परत जोडल्यावर ट्रेस उठली की मगच स्केलर हातात घ्यायचा. कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ ते ४५ mmHg मध्ये हवा. ५५ च्या पुढे गेला की भूल किती खोल आहे ते बघून आयसो (आयसोफ्लुरेन, भुलेचा वायू) उतरवायचं, बॅग दाबून श्वास द्यायचे. रेषा खाली शून्याला टेकेना झाली तर आधी सोडा लाइम (मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) बघा.

साइडस्ट्रीम (सॅम्पलिंग लाइन या बारीक नळीने श्वासाचा नमुना मशीनकडे ओढणारा) असल्याने छोट्या मांजरात आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. पावसाळ्यात त्या नळीतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप तुंबून जीव खाल्ला.

बीपीवर मी नाराज आहे. बीपीच्या पट्ट्याची (कफची) रुंदी पायाच्या घेराच्या ४० टक्के, सगळं नियमाने. तरी मांजराचं प्रेशर उतरलं की मशीन नुसतं फुगत बसतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच. नाडीचा आवाज ऐकून हाताने प्रेशर मोजायचा जुना डॉप्लर म्हणून काढलेला नाही.

तापमानाचा अन्ननलिकेतला प्रोब चांगला. फवाऱ्याने छोटं जनावर किती भराभर गार पडतं ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि असिस्टंट न सांगता वॉर्मर लावतो.

घेणार असाल तर सॅम्पलिंग लाइन आणि वॉटर ट्रॅपचा भाव आधी लिहून घ्या. मशीनवर सूट मिळते, यांच्यावर नाही.