चिनी पंचांगाची भिंतीवरची दिनदर्शिका, 2026: एक अभिप्राय

अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेली बारा पानांची ही दिनदर्शिका मिळाली. चिनी भाषा शिकणाऱ्यांसाठी ती मागवलेली असावी. परंतु ज्यांच्या घरात तिथी, संक्रांत आणि अधिक मास हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, त्यांनाच ती सर्वाधिक उलगडेल असे माझे मत आहे.

प्रत्येक चौकटीत इंग्रजी तारीख मोठ्या अक्षरांत आणि तिच्याखाली चांद्र महिन्याचा दिवस दिला आहे. चिनी महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, त्यामुळे पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपास येतो. आपल्या अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणाऱ्या, गणनेची सवय असलेल्यांना हे पाहताक्षणी समजते. 17 फेब्रुवारीला वसंतोत्सव, म्हणजे अश्व वर्षाचा आरंभ, 3 मार्चला कंदिलांचा उत्सव, 19 जूनला नौकांच्या शर्यतींचा सण, हे सर्व ठळकपणे छापले आहे. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा छिंगमिंग मात्र सूर्यावरून ठरतो, म्हणून आपल्या संक्रांतीप्रमाणे त्याची इंग्रजी तारीख फारशी हलत नाही. यंदा तो 5 एप्रिलला आहे.

या दिनदर्शिकेचे खरे मोल चौकटीच्या तळाशी असलेल्या बारीक ओळीत आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडून प्रत्येकाला ऋतूचे नाव दिलेले असते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कीटक जागे होतात, तर 5 किंवा 6 जूनच्या सुमारास धान्याला कुसळ येते. या दुसऱ्या टप्प्यानंतर दोनच दिवसांत आपल्याकडे मृग नक्षत्र लागते आणि शेतकरी पेरणीची तयारी करतो, हे लक्षात आले की दोन्हीकडे शेतीने सूर्याकडेच पाहिले, याची मनोमन खात्री पटते. युनेस्कोने 2016 मध्ये या चोवीस टप्प्यांच्या ज्ञानपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अशा गोष्टीसाठी प्रकाशकाने इतका लहान ठसा वापरावा आणि बारा प्राण्यांच्या चित्रांना मात्र अर्धे पान द्यावे, हे मला मुळीच पटले नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. शरदातील पौर्णिमेचा सण 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका आपल्या कोजागरीच्या दिवशी होता. यंदा तो 25 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी येतो आणि आपली कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सरकते. असे का होते, याविषयी दिनदर्शिकेत एक अक्षरही नाही. वास्तविक दोन्ही परंपरांचा नियम जवळजवळ सारखाच आहे: ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे राश्यंतर होत नाही, तो अधिक. परंतु चिनी गणना सायन (वसंत संपातापासून मोजलेली) आणि आपली निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली) असल्यामुळे राश्यंतराच्या वेळांत सुमारे चोवीस दिवसांचा फरक पडतो. म्हणून त्यांचा अधिक महिना 2025 मध्ये सहाव्या महिन्यानंतर येऊन गेला, तर आपला अधिक ज्येष्ठ यंदा 17 मे रोजी सुरू होतो. मागील कोऱ्या पानावर हे एवढे छापले असते, तरी दिनदर्शिका दुप्पट उपयोगी ठरली असती.

कागद जाड आहे, शाई पसरत नाही, आणि टांगण्याची पट्टी पावसाळी दमट हवेतही टिकेल अशी धातूची आहे. विकत घेणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी: सर्व गणना बीजिंगच्या वेळेनुसार आहे आणि ती वेळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी पुढे असल्यामुळे, पुण्यात रात्री साडेनऊला तिथला दिवस बदललेला असतो. आपल्या उपवासांच्या किंवा व्रतांच्या तिथींसाठी घरातले पंचांगच पाहावे.